खड्यांचं ऑपरेशन

घरी आल्यावर पहिल्या तासात मी तीनदा ओकलो. ओकायला पोटात काही नव्हतं, होतं ते एक घोट पाणी. चूक माझीच, तो घोट मी एका दमात प्यायलो होतो. ठाण्याच्या हॉस्पिटलातून निघताना तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीने बजावलं होतं, "सर, घोट नाही घ्यायचा. सिप. दर दहा मिनिटांनी एक सिप. पाण्याशी मैत्री करायची." तिचं वय चोवीस-पंचवीस, कंबर माझ्या मांडीएवढी. मी सेहेचाळीस वर्षांचा, डोंबिवलीच्या कॉलेजात वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, आणि ही पोरगी मला पाणी प्यायला शिकवत होती. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात तिला नको ते बोललो.

वजन कमी करायचं हे ऑपरेशन म्हणजे पोटाचा तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी शिवून ठेवतात. ज्या पोटात एका बैठकीला बारा तांदळाच्या भाकऱ्या आणि पातेलंभर मटण गेलं आहे, तिथे आता चार चमचे पेज मावत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त मी हात नाही, पोट दाखवलं होतं, आणि तेही रांगेत उभा राहून, सह्या करून.

दोष डॉक्टरांचा नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा लगेच हॉस्पिटलवाल्यांच्या नावाने खडे फोडायला लागेल. माझ्या नेहमीच्या कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर काठावर आहे, सहा महिने चाला, मग बघू. चालायला सकाळी कुत्री जातात, असं मी त्यांना म्हणालो होतो. ठाण्याच्या सर्जनांनीही दोनदा विचारलं, कोणाच्या दबावाखाली तर करत नाही ना? त्यांनी वाचायला कागद दिले. पोरांच्या रजेच्या अर्जांवर मी जशी सही करतो, तशी न वाचता सही करून मी ते परत दिले.

दबाव होता, पण तो सांगण्यासारखा नव्हता. त्याच्या तीन महिने आधी चुलतभावाच्या पोराची हळद होती. आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी असते. लग्नाला एखादा नाही आला तर चालतं, हळदीला नाही आला तर तीन पिढ्या लक्षात ठेवतात. मांडवात मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. मी पडलो तो हातात ताट घेऊनच पडलो. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं, मागे गाणं लावलं आणि अर्ध्या तासात ते गावाच्या ग्रुपवर फिरत होतं. माझ्या चुलतभावाने त्याखाली हसून हसून रडणारे चेहरे टाकले, एका ओळीत मावतील तेवढे. लागलं का रे, असं एकाही गाढवाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मागच्या बाकावर कोणीतरी खुर्ची करकरवली आणि अख्खा वर्ग हसत सुटला. त्याच आठवड्यात मी ठाण्याला जाऊन नाव नोंदवलं.

म्हणजे ज्या माणसांची मला कवडीची किंमत नाही, त्यांच्यासाठी मी पोट कापून घेतलं. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

खरं सांगायचं नाही, हे ठरलेलंच होतं. आधी खाऊन खाऊन फुगला आणि मग पैसे देऊन पोट कापून आला, ही गोष्ट आमच्या गावाला पुढची दहा वर्षं पुरली असती. गाव म्हणायचं आपलं. आंबिवलीच्या अलीकडे महापालिकेचा एक वॉर्ड आहे, चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मध्ये आमची तीन मजली घरं, प्रत्येकाच्या गच्चीवर आपापल्या देवाचा झेंडा. भात पिकवणारी जमीन गेली, पण दुसऱ्याच्या ताटात डोकवायची सवय तेवढी सातबाऱ्यावर राहिली. म्हणून पित्ताचे खडे काढले, असं सांगायचं ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बायको पहिल्यापासून कुरकुरत होती. "अहो, लोकांना काय सांगायचं ते सांगा, पण आईंना तरी खरं सांगा."

"आईला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं," मी म्हणालो.

"त्या कोणाला बोलायच्या नाहीत."

"अगं, ती बोलणार नाही. ती रडेल. आणि मग सगळे विचारतील, का रडते."

तर आईलाही खडेच सांगितले.

आई तळमजल्यावर राहते. वय चौऱ्याहत्तर, वेगळी चूल, वेगळी भाकरी, आणि भाकरीबरोबर जो मासा लागतो तो ती स्वतः बाजारात जाऊन, कोळणीशी भांडून आणते. तिचं माहेर ठाण्याच्या खाडीकडचं. तिथे तिचे बाप-भाऊ मिठागरात राबायचे आणि लग्न होईपर्यंत तीही राबली. तिच्या पायांना अजून भेगा आहेत. पाकिटातलं बारीक मीठ तिने घरात कधी येऊ दिलं नाही. ते मीठच नाय, रांगोली हाय, असं ती म्हणते. तिच्या ओट्यावर खडे मिठाची चिनीमातीची बरणी असते आणि त्या बरणीला सुनेने हात लावलेला तिला खपत नाही.

आता मळमळीविषयी. लोकांना वाटतं मळमळ पोटात असते. ती नाकात असते. खालच्या मजल्यावर कांदा चिरला की मला वरच्या मजल्यावर कळायचं. फोडणीचा नुसता विचार आला तरी तोंडात पाणी सुटायचं, पण ते जेवणाआधीचं नव्हे, ओकारीआधीचं. ज्या वासांवर मी जगलो, ते सगळे वास माझे वैरी झाले. वाटलेलं खोबरं, भाजलेला बोंबील, वाफाळणारा भात, सगळेच. एकटं लिंबाचं साल तेवढं सहन व्हायचं. ते मी खिशात ठेवायचो आणि दर पाच मिनिटांनी गांजेकसासारखं नाकाला लावायचो. बर्फाचा खडा चघळायचा, ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, बोलायचं नाही, पाण्याबरोबर खायचं नाही आणि खाण्याबरोबर प्यायचं नाही. व्हॅनिलाच्या वासाची प्रोटीन पावडर दिवसातून तीनदा. व्हॅनिला हा वास ज्याने शोधला त्याला मी सकाळ-दुपार-संध्याकाळ शिव्या दिल्या.

हॉस्पिटलने एका ग्रुपमध्ये घातलं होतं. आधी ऑपरेशन झालेले लोक नव्यांना धीर देतात म्हणे. तिथे सकाळी सहापासून आरती सुरू. कोणी जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून फोटो काढलेला. कोणी लिहायचं, आज अर्धी इडली खाल्ली, ब्लेस्ड. खाली साठ जणांचे जोडलेले हात. अर्ध्या इडलीवर जोडलेले हात. एका बाईंनी लिहिलं, हा आपला दुसरा जन्म आहे. पहिल्याचं काय वाकडं झालं होतं, असं लिहून मी पुसलं. पश्चात्ताप झाला आहे का कोणाला, असंही एकदा विचारून बघितलं. दहा मिनिटांनी कोणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलं. मला मात्र झाला होता. रोज होत होता, दर दहा मिनिटांच्या सिपबरोबर होत होता, आणि तो बोलून दाखवायला जागा नव्हती, कारण घरात मला खडे झाले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुसऱ्या आठवड्यात बघायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने येत नाहीत. शहाळी आली, सफरचंदं आली, पायाचं सूप आलं, आणि त्या खुर्चीवाल्या चुलतभावाने चक्क खाडीचा जिताडा आणला, सव्वादोन किलोचा, डोळे अजून चकाकत असलेला. जिताडा हा आमच्यात मासा नाही, मान आहे. नव्या जावयाला देतात, मोठ्या साहेबाला देतात. त्याच्या वासानेच माझा जीव कासावीस झाला. मी लिंबाचं साल नाकाला लावलं आणि बाथरूमकडे पळालो. परत आलो तेव्हा तो जमिनीकडे बघत बसला होता.

"आपले काका गेल्या साली खडे काढून आलेले ना," तो बायकोला हळूच म्हणाला, "ते चौथ्या दिवशी मटण जेवलेले. भाऊला अजून पाणी पण ठरत नाय?"

बायको म्हणाली, प्रत्येकाची प्रकृती वेगळी. तो म्हणाला, हां, बरोबर. मग जाताना त्याने माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. ह्या माणसाने चाळीस वर्षांत मला हात लावला होता तो कॅरमची सोंगटी चोरताना.

मला तेव्हाच कळलं. आमच्याकडे कॅन्सर हा शब्द उच्चारत नाहीत. मोठा आजार म्हणतात. आणि मोठा आजार पोटातच असतो, डॉक्टर तो घरच्यांना सांगतात आणि घरचे बाहेर खडे म्हणून सांगतात, हे सगळ्यांना पाठ असतं. माणूस जेवत नाही, ओकतो, आठवड्याला चार किलो उतरतो, आणि बायको डोळ्याला डोळा देत नाही. शितावरून भाताची परीक्षा. त्यांनी हिशेब बरोबरच केला होता, फक्त उत्तर चुकलं होतं.

मी ते दुरुस्त केलं नाही. इथे मला थांबून नीट लिहायला हवं, कारण ह्याच्याइतकं नीच मी आयुष्यात काही केलेलं नाही. मला ते आवडलं. जी माणसं मी पडल्यावर हसली होती, ती आता माझ्या घरात शिरताना चपला आवाज न करता काढत होती. चुलतभावाने ग्रुपवरचा तो व्हिडिओ काढून टाकला. शेजारचा एक जण, ज्याचा माझ्याशी कंपाउंडच्या वीतभर जागेवरून आठ वर्षं अबोला होता, तो येऊन म्हणाला, सर, ती भिंत राहू दे तशीच. मी खुर्चीत ताठ बसून, थोडं हसून, सगळ्यांना माफ करत होतो. मरणाऱ्याचा मान मी फुकटात खात होतो आणि तेवढं एकच मला पचत होतं. एवढ्या मूर्खांना फसवणं अवघड नव्हतं. मूर्ख म्हटल्यावर फसवल्याचं वाईटही वाटत नाही.

बायकोने पुन्हा एकदा विषय काढला. "खाली आई दिवसभर देवापुढे बसलेल्या असतात. त्यांच्या कानावर गेलंय काहीतरी."

"तिला म्हणावं, खडेच होते."

"तुम्ही म्हणा."

मी म्हणालो, बघू. जिने उतरायला दम लागतो, असं कारण होतं माझ्याकडे. आई वर यायची, दाराशी उभी राहायची, माझ्याकडे बघायची आणि खाली जायची. मला वाटायचं, बरं झालं, प्रश्न विचारत नाही.

पाचव्या आठवड्यात मऊ जेवण सुरू करायची परवानगी मिळाली. मासा चालेल, पण काटा-तिखट नको. त्या दिवशी दुपारी आई वाटी घेऊन आली. आत जिताड्याचं पांढरं कालवण, मऊ भात कालवून, गाळून, पुन्हा कालवून केलेलं. पदराने वाटी धरली होती. "दोन घास खा रं बाला," म्हणाली.

मी एक चमचा तोंडात घातला. आळणी. नुसतं आळणी नाही, मिठाचा कण नाही. माशाचा वास आणि खाली मिठाचा आधार नाही, ती चव जिभेवर पसरली आणि मी तिच्यासमोरच वाटीत ओकलो. आणि मग मी बोललो. पाच आठवडे साठलेलं सगळं तिच्यावर काढलं. "आये, तुझी जीभ गेलीय का? मीठ घालायचं विसरलीस? मिठागरातली म्हणवतेस आणि असलं ढोरांना घालायचं पाणी आणतेस मला?" बायको मधे पडली तर तिलाही म्हणालो, हिचं वय झालं, हिला आता चुलीपाशी जाऊ देऊ नका.

आईने वाटी उचलली. "चुकला माजा," एवढंच म्हणाली. तिच्याकडून आयुष्यात एकदाही भांड्यात मीठ चुकलेलं नाही, हे मला माहीत होतं. तरी मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. म्हातारपण, दुसरं काय.

त्यानंतर आठ दिवसांनी, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, ती अंगणात नळाजवळ पडली. मी खाली गेलो तेव्हा मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, जवळच्याच मोहन्या गावात दिलेली, गेले पंधरा दिवस तिच्याकडे राहायला आलेली. आईचे डोळे उघडे होते, पण ती आम्हाला ओळखत नव्हती. "पानी सोर गो," ती म्हणत होती, "आगरान पानी सोर, भरती आयली." ती मिठागरात होती, लग्नाआधीच्या. कपड्यांवर ओकली होती.

गाडीत घालून कल्याणला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "आजींची ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे ना? त्या गोळीने शरीरातलं मीठ आधीच कमी होतं. पण हे फारच खाली गेलंय. जेवणात मीठ घेत नाहीत का त्या?"

मी हसलो. खरंच हसलो. "डॉक्टर, ती मिठागरातली आहे. आमच्या घरी सगळ्यात जास्त मीठ तीच खाते."

"नाय खात," मावशी मागून म्हणाली. "महिना झायला. मीठ सोरलंय तिनं."

मी म्हणालो, काय?

"तुज्यासाठी." मावशीला वाटलं, मला हे माहीत असणार. "तुना मोठा आजार हाय ना. देवीला बोललीय, माजा पोर पोटभर जेवायला लागंस्तवर मिठाला हात लावनार नाय. खानार पन नाय, शिवनार पन नाय. मना बरनी दिली मोहन्याला न्यायाला. मी बोलले, बाय गो, तुजा वय हाय का? आयकतंय कोन."

डॉक्टरांनी काही लिहून घेतलं आणि ते आत गेले. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. मला त्या वाटीतलं कालवण आठवलं, आणि वाटी घेऊन जिना उतरताना तिची पाठ आठवली. मिठाला शिवायचं नाही म्हणून ती मला आळणी जेवण आणत होती, ते मी पोटभर जेवावं म्हणून. ह्यात मूर्खपणा कुठे संपतो आणि दुसरं काही कुठे सुरू होतं, ते ठरवायचा अधिकार मला नव्हता. मला लाज वाटत होती. लाज वाटते म्हणून मी पोट कापलं होतं, पण ती लाज नव्हतीच, तो नुसता राग होता. लाज काय असते ते मला त्या बाकावर कळलं.

दोन दिवस तिला थेंब-थेंब मिठाचं पाणी शिरेतून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीत आली. मावशीला ओळखलं, सुनेला ओळखलं, मला बघून हात हलवला. मग तिने वर टांगलेल्या बाटलीकडे बघितलं.

"यान काय हाय?"

नर्स बिचारी प्रेमाने म्हणाली, "आजी, मिठाचं पाणी आहे. तुमच्या अंगातलं मीठ कमी झालेलं ना."

आईने सुईला हात घातला. आम्ही तिघांनी तिला धरलं, आणि त्या वाळक्या हातात एवढं बळ कुठून आलं ते मला कळलं नाही. ती ओरडत नव्हती. रडत होती, आणि तिला रडताना मी बापाच्या मरणानंतर पहिल्यांदा बघत होतो. "मोडला माजा नवस," म्हणत होती. "मना इचारला पन नाय. आता याला कोन वाचवल? तूच सांग गो, आता माज्या पोराला कोन वाचवल?"

मी म्हणालो, आये, देवीला सगळं कळतं, ती समजून घेईल. एवढं झाल्यावरही माझ्या तोंडून हे निघालं, ही माझी लायकी. बायको बाजूला झाली आणि पहिल्यांदाच चारचौघांत माझ्यावर आवाज चढवून म्हणाली, "आता तरी बोला. नाहीतर मी बोलते."

मी खाटेच्या कडेला बसलो. कॉलेजात मी जी बोली कटाक्षाने टाळतो, तीच तोंडात आली. दुसऱ्या कुठल्या भाषेत ते सांगता आलं नसतं.

"आये, मना काय झालेला नाय."

"खडे?"

"खडे पन नवते."

"मंग मोठा आजार?"

"त्यो पन नाय. मी जाडा होतो. बारीक होयाला पोट कापून घेतला. मीच जाऊन."

तिचं रडणं थांबलं. तिने माझ्या शर्टाकडे बघितलं. शर्ट आता अंगावर लोंबत होता.

"त्यो पोट दुखत व्हता?"

"नाय."

"नासला व्हता?"

"नाय आये. चांगला व्हता."

"चांगला पोट कापलास. कनाला?"

"लोक हसत व्हते," मी म्हणालो. मोठ्याने बोलल्यावर ते किती छोटं निघालं. मावशीने तोंडावर पदर धरला. मला वाटलं होतं, आई आता शिव्या घालेल, किंवा जवळ घेईल. दोन्हीपैकी काहीही मी आनंदाने घेतलं असतं.

"कापलेला कुठं हाय?" तिने विचारलं.

"म्हंजे?"

"कापला त्यो पोट. तुज्याकडं दिला का त्यांनी? कुठं पुरलास?"

"नाय दिला. तपासून टाकला असंल."

"तू इचारला पन नाय?"

खोटं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नाय," मी म्हणालो.

ती उशीवरून थोडी उठली. आवाज चढलेला नव्हता. "तुजी नाल गलली तवा सुईन ती केरान टाकीत व्हती. मी बालंतीन. उटून तिच्या हातानशी घेतली न आंगनान पुरली. तुज्या आंगाचा नखायेवरा तुकरा, त्यो पन मी कोनाला टाकू दिला नाय."

मग तिने तोंड मावशीकडे वळवलं. पेज दे गो, म्हणाली, मीठ घालून. मावशीने डब्यातली पेज वाटीत ओतली, मीठ घातलं, चमचा हातात दिला. आईने ती बसून, सावकाश, वाटीचा तळ दिसेपर्यंत खाल्ली. मी तिथेच खाटेपाशी उभा होतो. पेजेची वाफ माझ्या नाकात येत होती आणि मला मळमळत होतं, पण खिशातलं लिंबाचं साल काढायचा धीर झाला नाही.

वाटी रिकामी झाल्यावर तिने ती मावशीकडे दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "याला घरी धाड गो. उबा कनाला ऱ्हायलाय."